अण्णांना काय लिहू?

प्रश्न, थोडक्यात : मी ४३ वर्षांचा. आयटीआय झाल्यावर कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तिथल्या फोरमनना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. लेथ मला त्यांनीच शिकवला. पहिल्याच आठवड्यात मी चकची (लेथवर फिरणारा तुकडा घट्ट पकडतो त्या भागाची) आवळायची चावी चकमध्येच ठेवून वळलो, तर अण्णांनी दोन दिवस मशीनला हात लावू दिला नाही, नुसतं झाडायला लावलं. आज चाकणच्या एका कंपनीत मी प्रॉडक्शन बघतो आणि नव्या पोरांना पहिली गोष्ट तीच शिकवतो. २००९ साली जास्त पगाराची नोकरी मिळाली, तेव्हा दिवाळीचा बोनस घेतला आणि दुसऱ्या दिवशी काम सोडतोय म्हणून सांगितलं. अण्णा 'बरं' म्हणाले आणि मशीनकडे वळले. पुढे दोन-तीनदा भेट झाली, गेल्या नऊ वर्षांत तीही नाही. आता कळलं की त्यांना पोटाचा कॅन्सर आहे, तो लिव्हरपर्यंत पसरलाय आणि केमो थांबवून त्यांना घरी आणलंय. मुलगा म्हणतो, 'अण्णांना अल्सर एवढंच सांगितलंय.' मला शेवटचा निरोप पाठवायचाय. रोज रात्री लिहितो आणि पुसतो. गुरूवरचे सुविचार शोधले, ते वाचून माझी मलाच लाज वाटली, कारण आमच्यात असलं बोलणं कधी झालंच नाही. बायको म्हणते, जाऊन या. समोर गेलो तर रडू येईल याची भीती वाटते. योग्य शब्द कुठून आणू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी वेळेबद्दल सांगावंसं वाटतं, शब्दांचं त्यानंतर बघू. आजार लिव्हरमध्ये पसरला की माणूस जाण्याच्या बरेच दिवस आधी त्याची शुद्ध मंदावू शकते. लिव्हर रक्त साफ करेनासं झालं की गुंगी येते, दिवस-रात्रीचा गोंधळ होतो, समोरचा माणूस ओळखू येत नाही. त्यामुळे 'डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितलाय' असं घरच्यांकडून कळलं, तरी त्यातले ऐकून समजण्याचे दिवस त्याहून कमी असतात. शब्द जुळेपर्यंत थांबण्याइतकी सवड तुमच्याकडे नाही. साधं, थोडं ओबडधोबड पण या दोन दिवसांत पोचलेलं बोलणं अण्णांना ऐकू येईल. पंधरा दिवसांनी पोचलेलं सुंदर पत्र कदाचित येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेल्या गोष्टींकडे वळते. पहिली म्हणजे, हा 'शेवटचा निरोप'च असला पाहिजे. तो का असावा? मजकुरात शेवट आला की ऐकणाऱ्यावर त्याला उत्तर देण्याचं ओझं येतं, आणि अण्णांना तर आजार पुरता सांगितलेलाही नाही. तुम्हाला खरं म्हणायचंय ते एवढंच, की तुम्ही शिकवलेलं माझ्या हातात आहे आणि माझ्या हातून पुढे जातंय. हे धडधाकट अण्णांनाही सांगता आलं असतं. त्यात आजार, मरण, निरोप यांतलं काहीही यायला नको. कॅन्सर हा शब्द टाळायचा कसा, ही तुमची अर्धी अडचण इथेच सुटते.

दुसरी गोष्ट, 'योग्य शब्द'. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी २०१८ साली कृतज्ञतेच्या पत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांनी आपल्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरलेल्या माणसाला पत्रं लिहिली आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज दिला. नंतर खुद्द वाचणाऱ्यांना विचारलं, तर लिहिणाऱ्यांचा अंदाज चुकला होता. आपलं पत्र वाचून समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं, तितकं वाचणाऱ्यांना झालं नव्हतं. आनंद मात्र लिहिणाऱ्यांनी धरला होता त्याहून जास्त झाला होता. लिहिणारा आपली शब्दकळा तपासत बसतो आणि वाचणाऱ्यापर्यंत त्यातली माया पोचते. तुम्ही रोज रात्री पुसताय, ते बहुधा पाठवण्याजोगंच असणार.

पुसायचंच असेल तर एक कसोटी लावा : हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या गुरूला जसंच्या तसं पाठवता येईल का? येत असेल तर ते खोडा. 'तुम्ही माझ्या आयुष्याला दिशा दिलीत' हे लाखोंना लागू पडतं. चकच्या चावीची गोष्ट जगात फक्त तुमची आणि अण्णांची आहे. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, सुरू झाला की चकमधली चावी गोळीसारखी उडते आणि समोर असेल त्याचा डोळा किंवा दात घेऊन जाते. अण्णांनी तुम्हाला दोन दिवस झाडायला लावलं, ते याच्यासाठी. तुमच्या हाताखाली शिकलेल्या पोरांच्या हाताला आज ती सवय आहे, हे त्यांना अजून कुणीच सांगितलेलं नाही. अशी एकच गोष्ट पुरे. तीन-चार घातल्यात की ती यादी होते, आणि आजारी माणसाचं लक्ष दुसऱ्या गोष्टीलाच सुटतं.

तिसरी गोष्ट, 'आमच्यात असलं बोलणं कधी झालंच नाही'. मग आताही करू नका. आयुष्यभर 'बरं', 'हं' आणि 'परत कर' एवढ्यावर भागवलेल्या माणसाला एकाएकी 'आपल्या चरणी वंदन' असं आलं, तर आधी त्याला शंका येईल की आपलं काय झालंय. शॉपमध्ये बोलत होतात त्याच बोलीत बोला. तुम्हाला तिथे ज्या नावाने हाक मारायचे, तेच नाव सांगा. गुंगीतल्या माणसाला ऑफिसच्या कार्डावरचं नाव आठवणार नाही, बारक्या किंवा पिंट्या मात्र चटकन आठवेल.

आणखी एक काळजी काळाची, म्हणजे व्याकरणातल्या. 'तुम्ही फार कडक होता', 'तुमच्यासारखा कारागीर नव्हता' असं लिहिलंत की ती श्रद्धांजली होते, आणि बिछान्यावरचा माणूस ते ऐकत असतो. घडून गेलेला प्रसंग भूतकाळात सांगा, पण अण्णांबद्दलची वाक्यं वर्तमानात ठेवा : 'तुम्ही दाखवलेलं अजून तसंच करतो', 'तुमचा शब्द अजून कानात आहे'.

'लवकर बरे व्हा' लिहू नका. ज्याला आपलं शरीर आतून कळतंय, त्याला त्या वाक्यानंतर तुमच्याशी खरं बोलता येत नाही. 'हिंमत सोडू नका, लढा' हेही नको, कारण उद्या ताकद संपली तर आपण हरलो असं त्यांना वाटेल. कुठला काढा, कुठल्या गावचं झाडपाल्याचं औषध, ओळखीचे डॉक्टर, यातलं काही तर अजिबात नको. घरच्यांनी मोठ्या कष्टाने घेतलेला निर्णय त्याने पुन्हा उसवतो.

२००९चं काय करायचं? तुम्ही त्या 'बरं'चा अर्थ राग असा लावलात आणि इतकी वर्षं तो सांभाळलात. राग असेलही. पण उद्यमनगरात शिकलेला पोरगा चाकण-भोसरीला जाणार, हे तिथल्या कुठल्याही फोरमनला ठाऊक असतं. त्या 'बरं'मध्ये वाईट वाटणं असेल, अभिमान असेल, किंवा हातातला जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, अर्धवट होता इतकंही असेल. तो अर्थ आता त्यांच्याकडून काढून घ्यायला जाऊ नका. तुमच्या बाजूचं जेवढं चुकलं तेवढं एका वाक्यात सांगा : 'सोडताना तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं.' पुढे 'पण' लावून पगाराची आणि घरच्या परिस्थितीची बाजू मांडू नका. 'मला माफ केलंत ना?' असंही विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला ताकद लागते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला तुमची समजूत काढायला लावणं बरं नव्हे. नऊ वर्षांच्या न भेटण्याबद्दल वेगळी माफी नको, त्याच वाक्यात तीही येते.

तुमच्याच पत्रातल्या गोष्टी घेऊन एक मसुदा देते. तसाच्या तसा वापरू नका, फक्त लांबी आणि ओघ बघा :

'अण्णा, मी बारक्या बोलतोय, चाकणहून. तुम्ही मला चकच्या चावीवरनं दोन दिवस झाडायला लावलं होतं. आता माझ्याकडं नवीन पोरं येतात. मशीन चालू करायला शिकवायच्या आधी मी त्यांना चावी काढून जागेवर ठेवायला शिकवतो. तुम्ही ओरडायचा तसाच ओरडतो. त्यातल्या एकालाही तुम्ही बघितलेलं नाही, पण शिकतात ते तुमचंच. काम सोडताना तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून आज माझं घर चाललंय. भेटायला येतोय. उत्तर द्यायची गरज नाही, नुसतं ऐका.'

सावकाश बोललात तर हे पाऊण मिनिटात होतं. फार तर दीड मिनिटापर्यंत जा, त्याच्या पुढे नको. शेवटचं वाक्य मात्र ठेवाच. बोलायची ताकद नसलेल्या माणसाला उत्तर देण्यातून मोकळं करणं ही मोठी मदत असते.

लेखी मेसेजपेक्षा आवाज पाठवा. बारीक अक्षरांचा मोबाईल डोळ्यांसमोर धरायची ताकद आता त्यांच्यात नसेल. मात्र आयुष्य मशीनच्या आवाजात काढलेल्या माणसाला ऐकू कमी येण्याची शक्यता बरीच असते, आणि आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, त, क यांसारखी व्यंजनं निसटतात आणि बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. म्हणून ओरडून नको, खालच्या पट्टीत, सावकाश, शब्द तोडून बोला. काचा लावलेल्या बंद गाडीत रेकॉर्ड करा, पंखा आणि एसी बंद असू द्या, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर 'अण्णा' हा पहिलाच शब्द कापला जातो. रडू आलं तर पुन्हा रेकॉर्ड करा, पण दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नको, कारण पुढेपुढे ते पाठ म्हटल्यासारखं होतं. थोडा भरून आलेला आवाज गेला तरी चालेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर काही बारीक गोष्टींनी घोटाळा होतो. त्या चॅटवर मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर तुमचा आवाज काही दिवसांत नाहीसा होईल, ती आधी बंद करा. 'एकदाच ऐका' वाली खूण चुकून दाबू नका. मुलाला सांगा की वेग दीडपटीवर राहिलेला नाही ना ते बघ, आणि फोन कानाला चिकटवण्याऐवजी उशीजवळ ठेवून स्पीकरवर लाव. आधी त्याने एकट्याने ऐकावं आणि मग अण्णांना ऐकवावं. कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला तर मुळीच नको.

कागदावर लिहायचंच असेल तर एकाच बाजूला, काळ्या शाईने, रुंद ओळी सोडून, टपोऱ्या अक्षरात लिहा. दीडशे शब्द पुष्कळ झाले. तो कागद सूनबाई किंवा नात मोठ्याने वाचून दाखवणार आहे हे धरून चाला. चारचौघांत वाचलेलं चालणार नाही असं काही त्यात नको.

आता भेटीचं. तुमच्या पत्नी म्हणतात ते बरोबर आहे, जा. पण जाण्याआधी मुलाला फोन करून दोन गोष्टी विचारा. 'अण्णांना आजाराबद्दल काय काय सांगितलंय? मी त्याच्या बाहेर बोलणार नाही.' आणि 'दिवसात ते कधी जागे, ताजे असतात?' बहुतेकांचं अंग पुसून, औषध घेऊन झाल्यावर, सकाळी दहा-अकराच्या सुमारास जरा बरं असतं, पण घरागणिक फरक पडतो. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी देतात, आणि त्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तर पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते. तसं असेल तर ते दिवस टाळा. याउलट वेदना थांबतच नसतील, तर तुमचे शब्द किंवा भेट यांपेक्षा ते आधी बघायला हवं. मुलाला पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदनाशमनाच्या डॉक्टरांना गाठायला सांगा. घरी सेवा देणारी पथकंही बऱ्याच शहरांत आहेत. त्यांची चौकशी करून नंबर मिळवून देणं, हे तुम्ही चाकणला बसून आजही करू शकता.

भेट दहा-पंधरा मिनिटांची ठेवा. वाकून उभं राहू नका, उशीजवळ खुर्ची घेऊन बसा, म्हणजे त्यांना मान वळवावी लागणार नाही. 'ओळखलंत का?' असं विचारून परीक्षा घेऊ नका, आपणच नाव सांगा. हारतुरे, पेढ्यांचा बॉक्स नको. न्यायचंच असेल तर तुमच्या शॉपमधला एखादा छोटा, हलका, नीट बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, काढलेला जॉब न्या. आजारात कातडी पातळ होते, धार राहिली तर कापेल. फिनिश बघायला त्यांचा अंगठा आपोआप त्याच्यावरून फिरेल, आणि मग बोलण्याचं निमित्त शोधावं लागणार नाही.

ते जागे असतील तर त्यांना कामातलंच काहीतरी विचारा. लांब बारीक शाफ्टला चॅटर, म्हणजे थरथरीच्या खुणा, येत असतील, आधाराची स्टेडी लावूनही जात नसतील, तर तो प्रश्न घेऊन जा. अट एकच, की उत्तर तुम्हाला खरंच हवं असावं. खोटा प्रश्न त्यांना लगेच कळेल. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. आयुष्यात काय महत्त्वाचं वाटलं, मागच्यांना काय सांगून ठेवायचंय, असे प्रश्न रुग्णाला विचारतात, उत्तरं रेकॉर्ड करून लिहून काढतात आणि तो मजकूर घरच्यांना देतात. आपला अजून कुणाला तरी उपयोग आहे हे जाणवणं किती मोलाचं असतं, ते त्यातून दिसतं. 'अण्णा, पोरांना अजून काय सांगू?' एवढं विचारलंत तरी पुरे. त्यांची हरकत नसेल तर उत्तर फोनवर टिपून घ्या.

आणि अण्णांनीच विचारलं, 'मी यातनं उठतो का रे?' तर? असं होतं. घरच्यांपाशी जे विचारवत नाही ते माणूस बाहेरच्याला विचारतो. मुलाने दिलेला शब्द तुम्ही मोडायचा नाही, पण खोटंही बोलायचं नाही. म्हणा, 'तुम्हाला काय वाटतंय, अण्णा?' आणि मग गप्प राहा. त्यांना बहुतेक सगळं माहीत असतं, ते कुणापाशी तरी बोलायचं असतं. बाहेर आल्यावर मुलाला सांगा की अण्णा विचारत होते, डॉक्टरांना सोबत घेऊन तुम्हीच एकदा बोला. 'लपवू नका' असा उपदेश करू नका. तो जे करतोय ते बापावरच्या मायेपोटी करतोय.

रडू आलं तर येऊ द्या. बोलणं थांबवा, त्यांचा हात धरा, श्वास सावरला की पुढचं बोला. 'सॉरी सॉरी' करत खोलीबाहेर पळालात तर त्यांना तुमची काळजी लागेल. निघताना उद्याचं, दिवाळीचं खोटं आश्वासन नको. परत येणार असाल तरच वार सांगा.

तुमच्यासारखे बरेच वाचक असतील. कुणाचा पीएचडीचा गाइड, कुणाच्या गाण्याच्या बाई, कुणाच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. वरचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं, फक्त चावीच्या जागी त्यांची-त्यांची गोष्ट येईल. जुने विद्यार्थी मिळून व्हिडिओ करत असतील तर लांबी मोजा. चाळीस जणांनी एकेक मिनिट घेतलं तर चाळीस मिनिटं होतात, आणि ती आजारी माणसाला झेपत नाहीत. रोज दोघांचेच आवाज ऐकवावेत, बाकीचे घरच्यांसाठी जपून ठेवावेत. आणि ज्यांचा गुरू खरोखर जाचक होता, त्यांनी खोटी कृतज्ञता लिहू नये. जे खरंच मिळालं त्याचेच आभार मानावेत, मग ते एका वाक्याचे का असेनात. तेवढंही नसेल तर न लिहिणं हीही मोकळी वाट आहे.

तुम्ही पोचाल तेव्हा अण्णा बेशुद्धीत असले, तरी कानाजवळ जाऊन आपलं बोलून घ्या. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या केंद्रातल्या, रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजातल्या बदलांची नोंद निरोगी माणसासारखीच घेत होता, असं त्यात दिसलं. शब्दांचा अर्थ किती पोचतो हे त्यातून ठरत नाही, पण आवाज पोचत असू शकतो. आणि ते आधीच गेले असतील, तर हेच बोलणं काकूंना सांगा. नवऱ्याने चाळीस वर्षं त्या शॉपमध्ये काय केलं, हे घरातल्यांना बऱ्याचदा कमीच माहीत असतं.

चाकणहून कोल्हापूर पाच-सहा तासांचा रस्ता आहे. रविवारची वाट बघू नका. आवाज आज रात्रीच मुलाच्या फोनवर पाठवा, सकाळी त्याला फोन करून अण्णांची जागी असायची वेळ विचारा आणि त्या हिशोबाने रजा टाका.